दाभण खाली ठेवा, आजी

सोलापुरात विजापूर वेशीजवळ फिरदोसचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एक शटर, एक काउंटर, भिंगाचा दिवा आणि घरघरणारा पंखा. शटरवर तिनं स्वतः रंगानं लिहिलंय, 'विचारणं फुकट', आणि खाली नंबर. त्यामुळं दुरुस्तीपेक्षा प्रश्नच जास्त येतात. फोन बादलीत पडला, तांदळात ठेवू का? ती सांगते, तांदूळ भातासाठी ठेवा, फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि घेऊन या. कॉम्प्युटर चालू करताना नुसता पीं पीं करतो. ती सांगते, वीज काढा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिच्या पिवळ्या दातांवर हलक्या हातानं खोडरबर फिरवा आणि परत टक आवाज येईपर्यंत दाबा. चार्जर ढिला बसतो. ती सांगते, फोनच्या भोकात खिशातला कापूस साठलाय, फोन बंद करून लाकडी काडीनं काढा, सुईनं नको.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी तीनला असाच फोन वाजला. बाहेर रस्ता इतका तापला होता की रिक्षावालेसुद्धा सावली धरून बसले होते. फिरदोसनं एका हातात चिमटा तसाच धरून फोन खांद्याशी दाबला.

"दुकानवाली बाई हाय का?"

"बोला की."

"मी बजाबाई बोलती, सांगोल्याकडनं. आमच्या नातीनं, अंकितानं, म्हाताऱ्याचा फोन तुज्याकडनं नीट करून आणलाय. फोनच्या पाटीवर तुजा नंबर चिकटवलाय बग."

"हां आजी. काय झालं?"

"त्येच्या पोटात वारं धरलंय."

फिरदोसला हसू आलं. "म्हणजे?"

"पाट फुगलिया. काच वर आलिया, पापड उचलतो तशी. मालक म्हनत्यात हवा शिरली आसंल. तवा म्हनलं दाभण टोचून हवा काढावी. गोधडी शिवायचं हाय माज्याकडं. टोचतच हुती, पर म्हनलं एकडाव इचारावं."

फिरदोसचं हसू गेलं. तिनं चिमटा काउंटरवर ठेवला.

"आजी, दाभण कुठाय आत्ता?"

"हातात."

"खाली ठेवा. आधी खाली ठेवा, मग बोलू."

"का गं? लई बारीक भोक पाडती."

"दाभण खाली ठेवा, आजी!"

एवढ्या जोरात ती गिऱ्हाइकाशी कधी बोलली नव्हती. पलीकडं काहीतरी टण्‌ करून फरशीवर पडलं. फिरदोसच्या डाव्या मनगटावरची कातडी अजून चकचकीत आहे. काम शिकत होती तेव्हा शेजारच्या पोराचा स्क्रू ड्रायव्हर निसटून बॅटरीत घुसला होता. तीन आकडे मोजायच्या आत हातभर ज्वाळा उठली होती. फुगलेल्या बॅटरीत हवा नसते, पेटणारा वायू असतो, हे तिला तेव्हा कळलं आणि त्यानंतर कधी विसरलं नाही.

"आता सांगा. तो फुगलेला फोन कुठं ठेवलाय?"

"मालकांच्या उशाला. त्यास्नी अर्धांग झालंय दोन वरसांपास्नं. पडून आसत्यात. भजनं ऐकत्यात, म्हनून कापडी पिशवीत घालून खाटंच्या गजाला आडकावलाय, कानापाशी."

"चार्जिंगला लावलाय?"

"रातदीस लावलेलाच आसतो."

कापसाची गादी, गोधड्या, कापडी पिशवी, आणि कानापाशी ते. "घरात आणखी कोण आहे?"

"कोन न्हाय. समदी डाळिंबाच्या बागंत. वस्तीवर आमी दोगंच."

"शेजारी?"

"शेजार कुटला? हाक मारली तर शेळ्याच ओ देत्यात." बजाबाईचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "पोरी, काय लई वाईट हाय का?"

फिरदोसनं डोळे मिटले. खरं सांगितलं तर म्हातारी घाबरून हात लावायची नाही, किंवा घाबरून हिसका मारायची. नाही सांगितलं तर दाभण परत उचलायची.

"आजी, ते पेटू शकतं. म्हणून आपण घाई न करता, नीट करायचं. मी सांगते तेवढंच करा. पहिलं, भिंतीवरचं बटण बंद करा. फोनातली वायर ओढू नका. बटण बंद करून पिन बोर्डातनं काढा."

पावलांचा आवाज गेला, टक्‌ झालं, पावलं परत आली. "काढली."

"आता तळहात फोनच्या जवळ न्या. लावायचा नाही."

"धग लागतीया. तव्यावानी न्हाय, पर लागतीया."

"वास येतोय का?"

बजाबाईनं दोनदा नाक ओढलेलं ऐकू आलं. "येतुया. गोड गोड. लई पिकल्या फळावानी."

ते फिरदोसला नको होतं. गोड वास म्हणजे आतलं पातळ बाहेर यायला लागलंय. आता ते दहा मिनिटांत पेटेल किंवा दहा दिवस पेटणार नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. माणूस हलवावा तर एकट्या म्हातारीला तो उचलणार नाही. हलवायचा तर फोनच.

"आजी, मोठी परात आहे?"

"हाय की, लोखंडी."

"तिच्यात कोरडी माती भरा, चार बोटं. चुलीतली राख नको, तिच्यात निखारा असला तर वाट लागेल. परात खाटेच्या कडेला आणायची. पिशवी वरच्या नाडीनं धरायची, गजावरनं काढायची आणि अलगद मातीवर ठेवायची. दाबायची नाही, वाकवायची नाही. मग परात अंगापासून लांब धरून अंगणात न्यायची. कडब्यापासून, शेळ्यांपासून लांब. ठेवायची आणि मागं न बघता घरात यायचं. आणि वाटेत सूं सूं आवाज आला, धूर आला, तर जिथं असाल तिथं परात टाकायची आणि पळायचं. काय करायचं?"

"टाकायची आन पळायचं."

"पाणी ओतायला जवळ जायचं नाही. धुरात श्वास घ्यायचा नाही."

"बरं. मग ह्यो फोन कसा धरू? मला दोन हात हाईत."

"तो बाबांजवळ ठेवा. चालूच राहू द्या."

फोन गोधडीवर ठेवल्याचा दबका आवाज झाला. पावलं दूर गेली. मग नुसता एक जड, घासणारा श्वास ऐकू येऊ लागला.

"पोरी..." आवाज पुरुषाचा होता, अर्ध्या तोंडातून येणारा. "कोन बोलतंय?"

"बाबा, मी सोलापूरहून फिरदोस. मोबाईलवाली."

"मी धोंडीराम." तो थांबला. शब्द गोळा करायला त्याला वेळ लागत होता. "पेटंल का त्ये?"

"नाही बाबा. आजी आल्या की झालं. तुम्ही हलू नका."

"मी कुटं हलतुया." आणखी थोडा श्वास. "तिला सांग. तू भाईर बस म्हनावं. माजं ऱ्हाऊं दे."

रस्त्यापलीकडं उसाच्या रसाचा चरक फिरत होता, त्याच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि ऐंशी किलोमीटरवरचा एक म्हातारा फिरदोसला सांगत होता की मला इथंच सोडा. ती फक्त एवढंच म्हणाली, "त्या ऐकायच्या नाहीत, बाबा."

"व्हय," तो म्हणाला. "कवाच ऐकलं न्हाय."

परात फरशीवर टेकल्याचा आवाज आला. धोंडीराम काहीतरी पुटपुटला आणि बजाबाई म्हणाली, "गप पडा." मग कापड घासलं. गज किणकिणला. पावलं निघाली, आता हळू, एकेक. मग तीही ऐकू येईनात.

काउंटरवरच्या घड्याळाचा काटा ती बघत राहिली. पंधरा सेकंद. वीस. उंबरा किती लांब असेल? अंगण किती?

फट्‌ असा आवाज झाला, लवंगी फटाक्यापेक्षा मोठा. परात दगडावर आदळली. शेळ्या एकदम ओरडायला लागल्या.

"बजा!" धोंडीराम ओरडला. "बजे!"

"बाबा, काय दिसतंय?"

"धूर... दारात धूर हाय. बजे!"

फिरदोस उभी राहिली. उभं राहून काहीही होणार नव्हतं. ती कुणाला हाक मारणार होती? त्या वस्तीचं नावही तिला माहीत नव्हतं. "आजी! आजी!" ती फोनात ओरडत होती आणि दुकानासमोरून जाणारे दोघंजण थांबून तिच्याकडं बघत होते. धोंडीराम आता रडत होता, की खोकत होता, ते कळत नव्हतं.

मग दुसरा खोकला आला. बारीक, बायकी.

"हाय," बजाबाई म्हणाली, लांबून. मग जवळून, "हाय मी. आरडू नका. हाय."

"उंबऱ्याभाईर गेले आन सूं सूं केलं बग. तू म्हनलीस तशी टाकली. बादलीएवडा जाळ आला गं. आजून जळतंय. पाय भाजलाय जरा, ठिनग्या उडाल्या."

"पायावर गार पाणी धरा. दहा-पंधरा मिनिटं, ओतत राहा. शाई, टूथपेस्ट, काही लावू नका. आणि दार लावून घ्या, तो धूर आत नको. अंकिताचा नंबर द्या, मी तिला कळवते."

अंकिता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागत होता. फिरदोसनं निरोप पाठवला. मग पाणी प्यायली.

तो फोन आपल्याकडं कशासाठी आला होता, हे तिला आठवत नव्हतं. तिनं दुरुस्तीची वही काढली आणि मागं मागं जात राहिली. फेब्रुवारीत नाव सापडलं. पुढं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, बॅटरी बदलली.

ती पांढऱ्या खोक्यातली बॅटरी होती.

खोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. त्या आठवड्यात नेहमीचा माल आला नव्हता आणि गिऱ्हाइकं दारात उभी होती. एक अनोळखी माणूस दहा बॅटऱ्यांचं खोकं देऊन गेला. तारखेच्या जागी वरून दुसरा कागद चिकटवलेला होता. तिनं नखानं खरवडून पाहिलं तर खाली चार वर्षांपूर्वीची तारीख होती. तिला ते दिसलं होतं. तिनं तो कागद परत दाबून बसवला होता आणि बॅटऱ्या लावल्या होत्या. लोक थांबले होते ना.

मघाचं घाबरणं वेगळं होतं. ते दुसऱ्याच्या घरातलं होतं. हे तिच्या स्वतःच्या हातचं होतं. वहीत त्या खोक्याच्या आणखी आठ नोंदी निघाल्या. आठ घरं, आठ उशा, आणि त्यातल्या कुठल्या तरी घरात आणखी एखादं दाभण.

तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि एकेक नंबर लावायला घेतला.

"फोन सपाट फरशीवर उताणा ठेवा," ती प्रत्येकाला सांगत होती, "आणि बोटानं हळूच गोल फिरवून बघा. जागेवर बसून राहिला तर बरं. भोवऱ्यासारखा फिरला तर त्याला पोट आलंय. काही असो, आजपासून चार्ज करायचा नाही. बंद करून कोरड्या मातीच्या कुंडीवर ठेवा, मी नेते किंवा तुम्ही आणून द्या. हो, मीच बसवली होती. हो. माझी चूक आहे."

एक जण इतक्या शिव्या देत सुटला की तिनं फोन कानापासून लांब धरला, पण कापला नाही. दुधनीचा शरणबसव आधी "इल्ल, इल्ल, काय नाही, एकदम भारी चाललाय" म्हणाला आणि मग त्यानं फोन फिरवून पाहिला. "ताई, फिरतोय की हो." एका बाईचा फोन तिच्या पोराच्या हातात होता आणि तो घेऊन अंगणात ठेवेपर्यंत फिरदोस 'हळू, हळू' म्हणत राहिली. पाच वाजेपर्यंत आठही लागले. तिघांचे फोन फिरले होते. कुणाचा पेटला नव्हता.

बजाबाईचा धरून नऊ. फिरदोसनं पांढरं खोकं फळीवरून काढलं. आतले दहाही कप्पे रिकामे होते.

दहावी कुठं गेली? तिनं वही पुन्हा चाळली. नोंद नव्हती. नोंद कुणाची करत नाही आपण?

ईदच्या आदल्या दिवशी अम्मीचा फोन बंद पडला होता.

तिनं घरी फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. परत लावला. तेच. अम्मी दुपारची झोपते, फोन उशीखाली ठेवते, हे तिला माहीत होतं. शटर बंद केलं की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. स्कूटी घराकडं, नई जिंदगी वस्तीच्या रस्त्याला लागली तेव्हा हॅंडल हाताला भाजत होतं. सिग्नलला थांबल्यावर ती परत परत नंबर लावत होती, आणि मग तिच्या लक्षात आलं की अम्मीनं उचलला तर फोन तिच्या कानापाशी जाईल. तिनं लावायचं बंद केलं. त्यानंतरचा रस्ता जास्त लांब झाला.

दाराला आतून कडी होती. "अम्मी!" तिनं दार बडवलं. खिडकीतून तख्त दिसत होतं. अम्मी, सुगराबी, भिंतीकडं तोंड करून निजली होती, ओढणी तोंडावर, अजिबात हलत नव्हती.

"अम्मी! उठो! अम्मी!"

सुगराबी दचकून उठून बसली. "या अल्ला! कायकू चिल्लाती गे? कोन मरा?"

"फोन कां है?"

"क्या?"

"तुमारा फोन! कां है?"

"फ्रिज में," सुगराबी म्हणाली, जणू फोन तिथंच असतात. कडी काढता काढता तिनं सांगितलं, "सुबेसे तप रा था. पीछेसे खुल गया जरा. मैं बोली ठंडा होने दो."

फिरदोसनं फ्रिज हळूच उघडला. दुधाच्या पातेल्याशेजारी, कोथिंबिरीच्या पिशवीवर, फोन आडवा होता. पाठ उचललेली, कडेनं पाण्याचे बारीक थेंब. गार झाल्यानं तो शहाणा होत नाही, उलट दव आत शिरलं की आणखी बिघडतो, हे वाक्य तिनं गिऱ्हाइकांना शंभर वेळा सांगितलं होतं. आईला एकदाही सांगितलं नव्हतं.

"तुमी बाहर जाव. शेजारी बसो. जाव, अम्मी."

सुगराबीनं लेकीचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता चपला घातल्या.

फिरदोसनं दोन्ही तळहात खाली घालून फोन उचलला. फ्रिजपासून अंगणातल्या मातीच्या कुंडीपर्यंत अकरा पावलं होती. ती मोजली, कारण प्रत्येक पावलाला तिला बजाबाईच्या शेळ्या ऐकू येत होत्या. कुंडीतलं रोप कधीचंच सुकलं होतं, कोरडी माती तेवढी होती. फोन ठेवून ती मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. तो पेटला नाही. तरी ती तिथून हलली नाही.

सहाच्या सुमाराला अंकिताचा फोन आला. कारखान्यातून नुकतीच सुटली होती आणि रडत होती. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर—"

"अंकिता, ऐक. ती बॅटरी मीच बसवली होती. खराब होती."

पलीकडं बसचा भोंगा वाजला. "आजीला सांगू?" अंकितानं विचारलं. आवाजातलं ताई गेलं होतं.

"मी सांगते."

बजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"शंका आली होती."

"शंका आलती तर बसवलीस कशाला?"

"गिऱ्हाइकं दारात थांबली होती," फिरदोस म्हणाली.

"बाकीच्यास्नी सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"मग ठेव आता. पाय ठनकतोय." बजाबाईनं फोन ठेवला. ती रागावली की दमली, हे फिरदोसला कळलं नाही.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून ती एस.टी.नं सांगोल्याला गेली आणि तिथून विचारत विचारत वस्तीवर. बरोबर नवा फोन होता, कंपनीच्या खोक्यातला, पावतीसकट. उंबऱ्याबाहेर दगडावर परातीएवढा काळा डाग पडला होता. बजाबाईच्या पावलाला फडकं गुंडाळलेलं होतं. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली.

धोंडीराम खाटेवर होता. नवा फोन बघून त्याचा चांगला हात गोधडी मुठीत धरू लागला. "लांब," तो म्हणाला. "हितं नको."

फिरदोसनं फोन पलीकडच्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवला, चार्जर लावला आणि शेजारी जमिनीवर बसली. दर थोड्या वेळानं ती पाठीला हात लावून बघायची आणि धोंडीराम तिच्याकडं बघायचा. दीड तासानं आकडा शंभरावर गेला. पाठ कोमट होती, तेवढीच असायला हवी. तिनं बटण बंद केलं, पिन काढली आणि बजाबाईला दाखवलं. भरला की काढायचा, रात्री लावून ठेवायचा नाही, उशाला न्यायचा नाही.

मग भजन लावलं, आवाज पूर्ण मोठा करून, म्हणजे खाटेपर्यंत पोचेल. धोंडीरामानं डोळे मिटले नाहीत. भजन संपेपर्यंत तो खिडकीकडं बघत राहिला.

"ऱ्हातीस का जेवायला?" बजाबाईनं चुलीपासून विचारलं.

फिरदोस राहिली.